तुकतुकीत म्हातारपण

सीथोनने साठी गाठली त्याच आठवड्यात त्याने दोन कामं सोडली. पहिलं सोडताना गावाने त्याच्या गळ्यात झेंडूचे हार घातले. दुसरं सोडताना गाव नुसतं बघत राहिलं.

पहिलं काम शाळेच्या शिपायाचं. घंटा वाजवायची, सकाळी झेंडा चढवायचा, सोंगख्राम नदीचं पाणी मैदानात शिरलं की बाकं उचलून वरच्या वर्गात न्यायची. सरकारी नोकरी होती, ती ठरल्या वयाला ठरल्यासारखी संपली. मुलांनी गाणं म्हटलं, मुख्याध्यापकांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं आणि सीथोन घरी आला.

दुसऱ्या कामाला असं ठरलेलं वय नव्हतं. सीथोन गावचा जाणता होता. कुणाचं पोर दचकून उठायला लागलं, कुणाच्या घरात न दिसणारं काही येऊन बसलं, की त्याला बोलावणं यायचं. तो मंत्र म्हणायचा, पाणी शिंपडायचा, मनगटाला पांढरा दोरा बांधायचा. ही विद्या त्याला गुरूने दिली होती आणि तिच्याबरोबर एक ताट दिलं होतं, फुलांच्या आणि मेणबत्त्यांच्या आठ जोड्यांचं. ते ताट घरातल्या सगळ्यात उंच फळीवर असायचं. फुलं सुकली की नवी ठेवायची आणि विद्येचे नियम पाळायचे. म्हशीचं मांस खायचं नाही. मयताच्या घरी जेवायचं नाही. वाळत घातलेल्या कपड्यांखालून जायचं नाही. उभी हयात सगळं गाव सरळ वाटेने चाललं आणि सीथोन कपड्यांच्या दोऱ्या चुकवत वळसे घालत राहिला.

"आता बास," तो बायकोला म्हणाला. दोघं ओसरीवर बसली होती, मधे चिकट भाताची करंडी होती. "उरलेलं आयुष्य माझं. सरळ वाटेने चालणार. म्हशीच्या खिम्याचं लाप खाणार, भरपूर पुदिना घालून. मागच्या अंगणात वाफे करणार."

थोंगमीने भाताचा गोळा वळता वळता त्याच्याकडे पाहिलं. ती भरदार, हसऱ्या तोंडाची बाई होती.

"आणि मी काय करणार, म्हातारबा? इतकी वर्षं तुमच्या ताटाला फुलं आणली मी. माझ्या ताटात कधी एक फूल टाकलंत?"

"तुला समुद्र दाखवतो."

"दाखवा बाई. नाहीतर माझी राख नेऊन दाखवाल."

"राख कशाला न्यायची? राख इथेच. माझ्या आईबापांच्या शेजारी, विहाराच्या भिंतीत. मी जागा बघून ठेवलीय, सकाळचं ऊन येतं तिथे."

सीथोनचं सगळं मागणं एवढंच होतं. याच गावात, याच ओसरीवर सावकाश म्हातारं व्हायचं आणि त्या भिंतीत जाऊन बसायचं.

ताटाचा मात्र प्रश्न होता. ते शिष्याच्या हातात द्यायचं अशी रीत. गावातली तरणी पोरं रायोंगच्या कारखान्यांत गेली होती. सीथोनने त्यातल्या एकाला फोन केला, तर तो म्हणाला, "पार्सलने पाठवा ना." विहाराच्या महास्थविरांना विचारलं, तर ते म्हणाले, हे आमच्या शिकवणुकीत बसत नाही, तुमचं तुम्ही बघा. मग सीथोनने ताज्या फुलांनी ताट सजवलं, गुरूची क्षमा मागितली आणि सकाळच्या वेळी ते नदीत सोडून दिलं.

काठावर दुकानवाली लामयाय कपडे धूत होती.

"ताट कुणाला दिलंत, पो-याय?" तिने विचारलं. पो-याय म्हणजे थोरला बाप. गावात म्हाताऱ्या पुरुषाला असंच म्हणतात आणि म्हाताऱ्या बाईला मे-याय.

"नदीला दिलं."

"आता नदी येणार का आमच्या पोरांना दोरे बांधायला?"

"नदीला माझ्यापेक्षा जास्त भुतं माहीत आहेत."

लामयाय हसली. मग हसता हसता थांबली आणि हातातलं लुगडं पुन्हा पुन्हा पिळत राहिली. ताट वळणापर्यंत नीट गेलं. वळणावर ते भोवऱ्यात सापडलं, गर्रकन फिरलं आणि बुडालं. ते दोघांनीही पाहिलं.

त्यानंतरचे काही महिने सीथोनच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. पहाटे उठून तो बंधाऱ्यापर्यंत चालत जाई. ज्या दोऱ्यांना वळसे घातले होते त्यांच्या खालून डोकं वाकवून मुद्दाम जाई आणि मनातल्या मनात हसे. वाफ्यांत त्याने घोळ, कोथिंबीर, चवळी लावली. आठवड्यातून एकदा विहाराच्या मंडपात म्हाताऱ्यांची शाळा भरायची. आरोग्यकेंद्राची नर्स रत्तिया ती चालवायची. चटपटीत, शहरात शिकलेली पोर, म्हाताऱ्यांना नावं घेऊन दटावायची. मासळी शिजवून खा, मीठ कमी करा, चाला, हसा, एकटे बसू नका. बाकीचे माना डोलवत आणि घरी जाऊन कच्च्या मासळीचं कालवण ओरपत. सीथोन मात्र सांगितलेलं सगळं करी. शाळेत तीस वर्षं घंटेवर जगलेला माणूस तो, नियम त्याच्या हाडात होते. एका जागचे सुटले म्हणून त्याने दुसरे घेतले, इतकंच.

त्याचं पोट आत गेलं. पाठ सरळ झाली. गालांवर तुकतुकी आली, केसांत मागे कुठेतरी काळी झाक दिसू लागली. रत्तियाने त्याला सगळ्यांपुढे उभं केलं.

"बघा यांच्याकडे! रक्तदाब तरण्यासारखा. पो-याय, या वयात दिवसेंदिवस लहान होताय की काय?"

टाळ्या पडल्या. तिने त्याचा फोटो काढून मंडपाच्या फळ्यावर लावला. मागच्या रांगेतून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आमचे वाळत चाललेत आणि ह्याला पालवी फुटतेय." शेजारीण हसली नाही.

पाऊस सरला तेव्हा रबराच्या बागेत काम करणारा खेम सकाळी उठलाच नाही. धडधाकट माणूस, संध्याकाळी जेवून झोपला आणि सकाळी चटईवर निळा पडलेला. त्या भागात असे मृत्यू होतात. पुरुषांना झोपेत घेऊन जाणाऱ्या विधवेच्या भुताचं नाव घेत नाहीत, कुंपणावर लाल सदरे लटकवतात, म्हणजे ते फसतं. दोन दिवसांत सगळी गल्ली लाल झाली. बायका सीथोनच्या जिन्याशी आल्या.

"पो-याय, दोरे बांधा. नवऱ्यांना तरी बांधा."

"माझ्याकडे आता काही नाही, बायांनो. मी ते ठेवून दिलंय."

"ठेवलंय कुठे?"

बायका परत गेल्या. जाताना त्यांच्यातल्या एकीने मागे वळून त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि पोराला पदराआड घेतलं. त्या पाहण्यात काय होतं ते सीथोनला लगेच कळलं, कारण कसं पाहायचं हे त्यानेच शिकवलं होतं.

पॉब कसा ओळखायचा हे गावाला त्यानेच सांगितलं होतं. विद्या धरलेल्या माणसाने नियम मोडले किंवा विद्या वाऱ्यावर सोडली, तर ती जात नाही. तिला फुलं मिळेनाशी झाली की तिला भूक लागते. ती त्याच माणसाच्या आत बसते आणि शेजाऱ्यांचं काळीज, आतडी आतून कुरतडून खाते. शेजारी झुरतात आणि तो फुलतो. आजाऱ्याच्या घरासमोर तो रेंगाळतो. कच्च्या मांसावर त्याचा जीव जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला काय झालंय ते त्याचं त्याला कळत नाही. वर्षानुवर्षं लोकांच्या ओसऱ्यांवर बसून, त्यांनी दिलेला चहा पीत, सीथोनने हे एकेक लक्षण समजावून सांगितलं होतं. लोक काही विसरले नव्हते.

त्या दिवशी भात शिजत असताना त्याने आरशात बघितलं. गाल खरंच तुकतुकीत होते. सकाळपासून भूकही जरा जास्तच लागली होती. पूर्वी अशी लागायची का, हे त्याला आठवेना.

"आरशात काय बघताय? लग्न करायचंय का दुसरं?" थोंगमीने विचारलं.

"मी पूर्वीपेक्षा जास्त खातो का गं?"

"खाता. चालताय किती! चालल्यावर भूक लागणार नाही तर काय?" मग ती थांबली. तिच्याही कानावर आलं होतं. "अहो, वेड्यासारखं काही मनात आणू नका."

पण गाव आपलं मन घेऊन पुढे चाललं होतं. सीथोन लामयायच्या दुकानापुढच्या बाकावर बसला की शेजारच्याला काहीतरी काम आठवे. पहाटे तो निघाला की पुढच्या घरातली खिडकी लागे, मग त्याच्या पुढची. कुणी त्याला वाईट बोललं नाही. कुणी बोललंच नाही.

आणि नेमकी तेव्हाच लामयायची सून चंथा बाळंत झाली. खांबांवर उभ्या घराच्या खालच्या अंगाला खाटेवर पडून ती निखाऱ्यांचा शेक घेत होती आणि तिचा ताप उतरत नव्हता. सीथोनची वाट त्याच घरावरून जायची. चिंचेच्या लाकडाच्या धुराचा वास आला की त्याची पावलं थबकत. इतकी वर्षं अशा दारात त्याला कुणीतरी आत बोलावलं होतं, ती पायांना लागलेली सवय होती. एका सकाळी तो तसाच उभा राहिला.

"लामयाय," त्याने हाक मारली. "हिला इस्पितळात ने. हा ताप शेकाने जायचा नाही."

लामयाय बाहेर आली ती हातात झाडू घेऊन. तिने झाडू उगारला नाही, नुसता आडवा धरला.

"तुम्हाला कसं कळलं, पो-याय? तुम्ही तर काही बघितलं नाहीत. आत आला नाहीत."

"तिचा आवाज ऐकला ना. कण्हतेय ती."

"ती कण्हत नाहीये." लामयाय म्हणाली. "सकाळपासून ती तुमचं नाव घेतेय."

चंथाला रत्तियाने गाडीत घालून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. सुया टोचल्या, औषधं दिली. ती परत आली तेव्हा जिवंत होती, पण डोळे खोल गेले होते आणि हाडं वर आली होती. तापात माणूस कुणाचंही नाव घेतं, रत्तियाने सगळ्यांना सांगून पाहिलं. लोकांनी तिचं आदराने ऐकून घेतलं. फळ्यावरचा सीथोनचा फोटो दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता.

त्या दुपारी नवराबायको वाफ्यांपाशी बसली.

"पोरीकडे जाऊ या, रायोंगला," थोंगमी म्हणाली.

"तिची एक खोली. खाली कारखाना, वर कारखाना. आणि पळून गेलो म्हणजे काय होईल माहीत आहे? मी मेल्यावर त्या भिंतीत जागा देतील का मला? नाव पुसून टाकतील. तुझंही."

"मग काय करायचं?"

सीथोन बराच वेळ मातीत काडीने रेघा मारत बसला.

"पॉब कधी आजारी पडत नाही," तो शेवटी म्हणाला. "हेही मीच सांगितलंय."

ज्या नेटाने त्याने निरोगी म्हातारपण आखलं होतं, त्याच नेटाने आजारपण आखलं. पहाटेचं चालणं बंद केलं. अर्धा घास खाऊन करंडी सरकवून देऊ लागला. काठी घेतली, ती आधी नुसती धरली, मग तिच्यावर भार टाकला. दुकानासमोर खोकून घेतलं. काही आठवड्यांत गाल बसले, कातडी सुरकुतली, पाठ पुन्हा वाकली. रत्तिया घरी येऊन चिडली.

"पो-याय, हे काय चालवलंय तुम्ही? माझ्या सगळ्या गावात तुम्ही एकटे चांगले होतात!"

"तेच तर झालं, पोरी," तो म्हणाला. तिला कळलं नाही.

गावाला मात्र कळलं. खिडक्या उघडू लागल्या. बाकावर लोक त्याच्या शेजारी टेकू लागले. "जपा हो, पो-याय," म्हणू लागले, आणि त्यांच्या बोलण्यात खरी माया होती. कुणी पपई आणून दिली, कुणी गुडघ्याला तेल. लामयाय स्वतः पेजेचं पातेलं घेऊन जिना चढून आली.

"माझं काही चुकलं असेल तर माफ करा," ती खाली बसत म्हणाली. "माणूस घाबरलं की काहीही बोलतं."

"झालं गेलं. चंथा कशी आहे?"

"तशीच. बाळाला दूध पुरत नाही. काल शेजारचा पोरगाही तापला." लामयायने सुस्कारा टाकला आणि पातेल्यावरचं झाकण काढून घेतलं. तेवढ्यात थोंगमी वाफ्यातून वर आली. उन्हाने तोंड लाल झालेलं, काखेत भाजीची पाटी, धाप नाही की दम नाही.

लामयाय तिच्याकडे पाहत राहिली.

"मे-याय, तुम्ही काय खाता हो?" ती म्हणाली. आवाज गोड होता. "नवरा असा झुरलाय आणि तुम्ही कशा टवटवीत."

"अगं, माझा सांगाडाच जाड," थोंगमी हसून म्हणाली. "लग्नातसुद्धा मी ह्यांच्यापेक्षा जड होते. फोटोत बघ."

लामयाय हसली नाही. नदीकाठी लुगडं पिळत होती तशीच ती आता पातेल्याचं झाकण हातात फिरवत होती. ती गेल्यावर थोंगमीने पेज वाढून घेतली आणि चवीने खाल्ली. तिला काही वाटलं नाही. सीथोनला मात्र लामयायच्या प्रश्नातला संशय कळला. हा हिशेब त्याने धरलाच नव्हता. ताटाला फुलं कोण आणायचं, हे गावात प्रत्येकाला माहीत होतं.

संध्याकाळी गावचा म्होरक्या सनान आला. चपला खाली काढल्या, ओसरीच्या काठावर बसला, पाऊसपाण्याचं बोलला.

"नदीपलीकडून एक जाणता बोलावलाय," मग तो म्हणाला. "उद्या दुपारी, मंडपात. गावाची मनं शांत व्हावीत म्हणून, दुसरं काही नाही. दर घरातून एक माणूस यायचं. त्याच्या दोऱ्याखालून जायचं, झालं."

"मी येतो," सीथोन म्हणाला.

"तुम्ही कसले येताय, पो-याय? तुम्हाला उभं राहवत नाही. तुम्ही पडून राहा." सनानने नजर खाली ठेवली होती. "मे-याय आल्या तरी पुरे. त्या आल्याच पाहिजेत, असं म्हणतायत लोक."

"येईन की," थोंगमी आतून म्हणाली. "भाजी काढून झाली की येते."

दोऱ्याखालून जायचं म्हणजे काय, हे सीथोनला सांगायची गरज नव्हती. जाणता कुणाचं नाव आधी ऐकून येतो, मंडपात पहिला धोंडा कोण उचलतं, आणि त्यानंतर त्या घराचे खांब कसे कापले जातात, हे सगळं त्याने जाणत्याच्या जागी उभं राहून पाहिलं होतं.

पहाटे थोंगमी झोपेत असताना तो उठला. काठी कोपऱ्यात राहू दिली. थंड पाण्याने खसखसून तोंड धुतलं, गालांना खोबरेल चोळलं, केस मागे वळवले, धुवट सदरा घातला. जिन्यावर त्याने कठडा धरला, पण रस्त्यावर आल्यावर काही धरलं नाही. छाती काढून, हात हलवत तो गल्लीच्या मधोमध चालू लागला. आठवड्यांचं अर्धपोटी शरीर प्रत्येक पावलाला नको म्हणत होतं. कुंपणांवरचे लाल सदरे दवाने जड झाले होते. पहिली खिडकी उघडी होती. त्याने तिच्यात वाकून पाहिलं आणि हसला. खिडकी लागली. दुसऱ्या दारात एक पोरगं दात घासत होतं, ते ब्रश टाकून आत पळालं.

लामयायच्या दुकानाशी बरीच माणसं होती. दुपारच्या जेवणावळीसाठी म्हैस कापली होती, फळीवर मांस मांडलेलं होतं. सीथोन आधी घराखालच्या अंगाला गेला. तिथे चंथा बाळाला घेऊन बसली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना दिसेल इतका वेळ उभा राहिला. मनात तो म्हणत होता, बरी हो, पोरी, बरी हो.

मग तो बाकावर येऊन बसला.

"लामयाय, भूक लागलीय," तो मोठ्याने म्हणाला. "लाप दे. कच्चं दे. रक्त घालून."

माणसं चार पावलं मागे सरकली. लामयायच्या हातातला सुरा फळीवर टेकला होता.

"पो-याय, तुम्ही तर काल..." ती म्हणाली.

"काल आजारी होतो. आता नाही. बायकोने मरमर सेवा केली माझी, तिला बिचारीला काय माहीत आपण कुणाची सेवा करतोय." तो हसला आणि त्याने बोटांनीच फळीवरचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

मांस गार होतं, जिभेवर लोखंडासारखं लागलं. पोटातून उमासा आला तो त्याने गिळला. दुसरा तुकडा घेतला. चार पावलं मागे सरकलेली माणसं आणखी मागे सरकली आणि त्यांच्यात कुजबुज सुरू झाली, आधी वाऱ्यासारखी, मग जास्त. तिसरा तुकडा सहज गेला. तो इतका सहज का गेला, हे स्वतःला विचारायचं नाही असं त्याने ठरवलं. सीथोन चावत राहिला, हनुवटीवरून ओघळ येऊ दिला, आणि कान मात्र मागे लावून ठेवले.

बऱ्याच वेळाने त्याला हवं होतं ते ऐकू आलं. सनान कुणालातरी दबक्या आवाजात सांगत होता, "मंडपात जाऊन सांग, मे-यायला आणायचं काम नाही. तिला घरीच राहू दे."